मी त्याचं वकीलपत्र घेतलं

माझी खुर्ची बाहेर होती.

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमच्या दाराबाहेर, पायऱ्यांच्या खाली, भर उन्हात. पाठीला मी स्वतः शिवलेली निळी उशी बांधलेली. उशीवर चहा ओतला होता. सांडला नव्हता, ओतला होता. रिकामा कप खुर्चीवर नीट उपडा घालून ठेवला होता. आत पंखे फिरत होते. रोज ‘या मॅडम’ म्हणणारे सगळे आत होते. प्रत्येकाचं डोकं पेपरात. एकही मान वर झाली नाही.

मी दारात उभी राहिले. अंगात काळा कोट, हातात फाइल. कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलामागून अण्णा बोलले. माझ्याकडं न बघता बोलले.

“धनगराच्या पोरीला मोकळं रान लागतंय. बसू द्या भायेर.”

सगळे हसले. ज्यांना हसू येत नव्हतं तेही हसले. त्यांतल्या दोघांच्या घरी मी सणाला जेवले होते.

अण्णा म्हणजे आमच्या वकील संघाचे अध्यक्ष आणि माझे सीनियर. कोर्ट कुठल्या तालुक्याचं ते सांगत नाही. आमच्या कन्नड-मराठी सीमेवरच्या कुठल्याही तालुक्यात हेच झालं असतं. अण्णांच्या घरात जुनी जमीन, बापाची वकिली, आज्याचं वतन. गुलबर्ग्याहून कायद्याची पदवी घेऊन मी आले तेव्हा मला कुणी ज्युनियर म्हणून घेईना. बाई, त्यात धनगराची, त्यात कुणाची ओळख नाही. अण्णांनी घेतलं. त्यांच्याकडं मी काम शिकले, हे खरं आहे. आणि ऑफिसात पाहुणा आला की ते मला आतून बोलावून घ्यायचे, हेही खरं आहे. “बघा, मेंढरामागची पोर. म्या वकील केली.” पाहुणा मला वरून खालपर्यंत बघायचा. मी हात जोडायची. मग चहा आणायला मलाच पाठवायचे. ऑफिसात शिपाई असताना. असं कित्येक वर्षं चाललं. मी त्याला अपमान म्हणत नव्हते. उपकार म्हणत होते.

त्या दिवशी ती खुर्ची उन्हात बघितली आणि दोन्ही शब्द मला एकदम दिसले.

माझा गुन्हा एवढाच, की आदल्या दिवशी मी मैनुद्दीनचं वकीलपत्र घेतलं होतं.

मैनुद्दीन मन्नाएखेळ्ळी गावचा. टेम्पो चालवायचा. तुरीच्या हंगामात गुलबर्ग्याच्या दालमिलला माल, एरवी मिळेल ते भाडं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका भाडेकरूचं घरसामान त्यानं एकदा हलवलं. तो भाडेकरू पुढं दहशतवादाच्या गुन्ह्यात पकडला गेला. त्याच्या फोनमध्ये मैनुद्दीनचा नंबर होता. मग एका दुपारी हायवेवरच्या चहाच्या टपरीसमोरून साध्या कपड्यातल्या माणसांनी मैनुद्दीनला जीपमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर त्याचा फोटो. फोटोखाली ‘अतिरेकी’ असं लिहिलेलं. ‘संशयित’ म्हणायची तसदी कुणी घेतली नाही.

त्याच दुपारी बाररूममध्ये ठराव झाला. या माणसाचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. अण्णांनी ठराव वाचला, देशावर चार वाक्यं बोलले, सगळ्यांनी हात वर केले. मी मागच्या बाकावर होते. माझे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. मी अण्णांची ज्युनियर. माझा हात अण्णांच्या हातातच धरलेला होता.

टाळ्या संपल्या आणि मैनुद्दीनची आई कोर्टाच्या आवारात आली. खैरुनबी. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई. एकेका वकिलाच्या टेबलापुढं जाऊन उभी राहायची. एकानं हात हलवून तिला घालवलं. एक तिला बघूनच उठून गेला. शेवटी ती माझ्यापुढं आली. रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

“बेटी, मेरे बच्चे कू कायकू पकड़े, उत्ता पूछके बताओ. छुड़ाओ बोल के नै बोल रई मैं.”

हा प्रश्न मी लहानपणी ऐकला होता. माझ्या मायेच्या तोंडून.

हळ्ळीखेडच्या अलीकडं आमचं गाव. माझ्या वडलांकडं, अप्पांकडं, मेंढरं होती. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. आज या रानात, उद्या त्या. अशाच एका रानातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. रान पाटलाचं. रानात मुक्कामाला कोण होतं? धनगर होता. झालं. अप्पांना उचलून ठाण्यात नेलं.

मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. माय रोज भाकरी बांधायची, माझा हात धरायची आणि ठाण्यासमोर जाऊन बसायची. फाटकाच्या आत आम्हाला घेत नव्हते. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक पोलिसाला ती उठून विचारायची, “साहेब, त्याला कामून धरलं?” कुणी थांबत नव्हतं. एक थांबला आणि म्हणाला, असा कुणी माणूस आमच्याकडं नाहीच. अप्पा कागदावर नव्हते. त्यांची चप्पल ठाण्याच्या पायरीवर आम्हाला दिसत होती.

एका दुपारी आतून मेंढराचं ओरडणं आलं. मी मायेला म्हणाले, आपलं मेंढरू आत बांधलंय. मायेनं माझ्या तोंडावर हात दाबला. आत माणसं हसत होती. कुणीतरी म्हणालं, “आनी जोरात.” मेंढरू जोरात ओरडलं.

ते मेंढरू नव्हतं.

मला तेव्हा कळलं नाही. अप्पा सुटून आले. कुणाशी नजर मिळवेनात. मेंढरांना हाक मारायची सोडली. शीळसुद्धा घालेनात. आणि मग एका बाजाराला सगळी मेंढरं विकून आले आणि दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायला लागले. तेव्हा हळूहळू कळत गेलं. आमच्या घरात तो विषय कधीच निघाला नाही. मोटर पुढं सापडली. पाटलाच्या भावकीतल्याच एकानं विकली होती. अप्पांना ते येऊन कुणी सांगितलंही नाही.

गुलबर्ग्याला कायदा शिकताना एका तासाला सरांनी राज्यघटनेतला तो भाग शिकवला. धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगितलं पाहिजे. त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं केलं पाहिजे. पोरं खाली मान घालून लिहून घेत होती, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून. मी उठून व्हरांड्यात गेले. रडू येत नव्हतं, राग आला होता. म्हणजे हे आधीपासून लिहिलेलं होतं. अप्पा आत होते तेव्हाही लिहिलेलं होतं. ठाण्यातल्या साहेबाला ठाऊक होतं. पाटलाला ठाऊक होतं. बाहेर भाकरी घेऊन बसलेल्या बाईला तेवढं ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं म्हणून सगळं चाललं होतं.

मी खैरुनबीला म्हणाले, बसा. उद्या त्याला कोर्टात आणतील. मी उभी राहते.

तिला आधी खरं वाटलं नाही. मलाही नीटसं वाटत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी अण्णांच्या मागं उभं राहून फाइल पुढं करत आले होते.

दुसऱ्या दिवशी मैनुद्दीनला आणलं. तोंडावर काळं फडकं. फाटकाबाहेर घोषणा. कोर्टाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे सगळे वकील दाराशी दाटी करून उभे, बघायला आलेले. मधोमध अण्णा.

आमच्याकडं कोर्टाचं काम कन्नडमधून चालतं. प्रकरण पुकारलं. मी पुढं गेले आणि म्हणाले, आरोपीच्या वतीनं मी हजर आहे. वकीलपत्रावर त्याची सही घ्यायची आहे, आणि पुढचं काही होण्याआधी मला त्याच्याशी बोलायचं आहे. मागं कुजबूज झाली. कुणीतरी ‘देशद्रोही’ म्हणालं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तपास अधिकारी म्हणाला, प्रकरण फार गंभीर आहे, भेट देता येणार नाही. मी म्हणाले, गंभीर आहे म्हणूनच मागतेय.

जज्जसाहेब तरुण होते. घामेजले होते. त्यांनी दाराकडं बघितलं, अण्णांकडं. मग म्हणाले, हॉलच्या त्या कोपऱ्यात बोला. पोलिसांना दिसेल, पण ऐकू जाणार नाही.

फडकं काढलं. ओठ फुटलेला. नीट उभं राहता येत नव्हतं. या पायावरून त्या पायावर भार घेत होता. मी नाव सांगितलं, तुझ्या आईनं पाठवलंय म्हणाले. आई म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मारलं का, असं मी विचारलं. तो खाली बघून बोलला. तळव्यांवर पट्ट्यानं मारलं होतं. आणि जज्जानं विचारलं तर तक्रार नाही म्हणायचं, नाहीतर रात्री परत आमच्याकडंच यायचंय तुला, असं जीपमध्ये बजावलं होतं. का धरलं हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं ‘तुला ठाऊक हाय’ म्हणत होते.

आता मी त्याला काय सांगणार? बोल, असं म्हणणं मला सोपं होतं. त्या खोलीत परत त्याला जायचं होतं, मला नाही. मी म्हणाले, “बोललास तरी मी हितंच उभी हाय. न्हाई बोललास तरी हितंच उभी हाय. ठरव तू.”

त्याला कठड्यात उभं केलं. जज्जसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय. त्याला उत्तर एकच असतं. कारकुनाची बोटं ते उत्तर टाइप करायला आधीच तयार असतात.

मैनुद्दीननं तपास अधिकाऱ्याकडं बघितलं. मग वाकला, चप्पल काढली, एका हातानं कठडा धरला आणि एक पाय वर उचलून तळवा जज्जसाहेबांच्या समोर धरला. तळवा जांभळा झालेला, टाचेपर्यंत सुजलेला.

“तक्रार हाय, साहेब,” तो म्हणाला.

दारातल्या वकिलांपैकी एक जण मान वळवून बाहेर निघून गेला. माझ्या डोक्यातली भीती कुठं गेली कोण जाणे. पोलिसांनी दिलेला कागद माझ्या हातात होता. त्यात अटक आदल्या दिवशीच्या संध्याकाळची दाखवली होती.

मी म्हणाले, साहेब, या कागदाप्रमाणं माझ्या अशिलाला काल संध्याकाळी अटक झाली. त्याच्या आईनं आणि टपरीवरच्या लोकांनी परवा दुपारी त्याला जीपमध्ये घालताना बघितलं. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण टीव्हीवर काल सकाळपासून तो पकडला गेल्याची बातमी चालू आहे. त्यावरही ठेवू नका. आमच्या वकील संघानं काल दुपारी ठराव केलाय, की पकडलेल्या या माणसाचं वकीलपत्र घ्यायचं नाही. संघाचे अध्यक्ष दारात उभे आहेत. संध्याकाळी ज्याला अटक व्हायची होती त्याच्यावर संघानं दुपारीच बहिष्कार कसा घातला, हे त्यांना विचारावं.

जज्जसाहेबांनी मान वर करून दाराकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. अण्णांचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. ते वळले आणि गेले.

मी तिथं काही जिंकले नाही. पोलीस कोठडी मिळालीच. पण आदेशात लिहिलं गेलं, की त्याला डॉक्टरांपुढं न्यायचं आणि अंगावरच्या जखमा नोंदवायच्या, चौकशीच्या काळात वकिलाला भेटू द्यायचं, आणि अटकेची कारणं लेखी दिलेली दिसत नाहीत. जाताना खैरुनबीनं लांबूनच पोराला बघितलं. ओरडली नाही. हात वर केला. त्यानंही केला, दोन्ही हात, बेडीसकट.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बाहेर होती.

हसणं थांबल्यावर अण्णांनी मला शेजारच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ केला. म्हणाले, पोरी, तुझं डोकं फिरवलंय त्या बाईनं. तब्येतीचं कारण सांग, वकीलपत्र परत दे. बाकी मी बघतो. संध्याकाळपर्यंत खुर्ची आत येईल.

मी म्हणाले, वकीलपत्र घेतल्यावर माणूस मधेच सोडायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंय. आणि असा ठराव करता येत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. वरच्या कोर्टानं हे ठराव बेकायदा म्हणून सांगून किती वर्षं झाली.

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मऊपणा गेला.

“तू कुणाची व्हतीस, इसरलीस का?”

“इसरले न्हाई, अण्णा. म्हणूनच उभी राहिले.”

त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं मी त्यांच्याबद्दल बोलतेय. मी अप्पांबद्दल बोलत होते. समजावून सांगावंसं वाटलं नाही. त्यांच्यासमोर हात न जोडता त्या खोलीतून मी पहिल्यांदाच बाहेर पडले. 

मग व्हायचं ते झालं. पक्षकार एक एक करून फाइली परत घेऊन गेले. काहींनी कारण सांगितलं, काहींनी मुलाला पाठवलं. मी राहायची त्या घराच्या मालकिणीनं खोली रिकामी करायला सांगितली. पाहुणे यायलेत म्हणाली. गावाकडून भावाचा फोन आला. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तुला एवढ्या केसी सोडून हीच का सापडली. मी म्हणाले, अप्पांना दे फोन. अप्पा घरी नव्हते. ते बसमध्ये होते.

दुपारी माझ्या दारात उभे. डोक्याला पटका, हातात काठी, घामानं चिंब. आयुष्यात ते माझ्याकडं एकटे कधी आले नव्हते. मी पाणी दिलं. पाणी हातात धरून बसले. मला वाटलं आता समजूत घालतील. ते खाली फरशीकडं बघत होते. मग विचारलं,

“त्यालाबी वरडाय लावलं का गं?”

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. इतक्या वर्षांत त्या ठाण्याबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. त्या दुपारी मी फाटकाबाहेर होते आणि मला ऐकू गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे तेवढी सगळी वर्षं ठाऊक होतं.

मी म्हणाले, न्हाई अप्पा, मारलं. पण तो जज्जापुढं बोलला. तक्रार हाय म्हणाला. पाय उचलून दाखवला.

“बोलला?” अप्पा म्हणाले. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. कसा उभा होता, कुठला पाय उचलला, साहेब काय म्हणाला. मी सांगत गेले. ते ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू वर येत होती. मग पाणी प्यायले. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. शेवटची बस चुकेल म्हणाले. जाताना एवढंच म्हणाले, “सोडू नको त्याला.”

मी सोडलं नाही. गुलबर्ग्याला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढं गेले. सोबत कुणी येईना म्हणून एकटीच उभी राहिले. त्या मोठ्या हॉलमध्ये माझा आवाज मला परका वाटत होता. मी देश-धर्म काही बोलले नाही. एकच गोष्ट धरली. या माणसाला का पकडलं हे त्याला लेखी सांगितलेलं नाही, आणि खालच्या कोर्टानं ते आपल्या आदेशात नोंदवलंय. सरकारी वकील म्हणाले, दहशतवादाचा गुन्हा आहे, अशा तांत्रिक चुका मोजायच्या नसतात. मी म्हणाले, तांत्रिक हा शब्द बाहेरच्याला सुचतो. आत असलेल्याकडं तेवढंच असतं.

अटक बेकायदा ठरली. त्याला सोडा, असा आदेश झाला.

खैरुनबी नवा सदरा घेऊन जेलच्या दारात उभी होती. मीही होते. मैनुद्दीन बाहेर आला, लंगडत. आईपर्यंत पोचला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तेवढ्यात पलीकडं उभ्या जीपमधून तपास अधिकारी उतरला आणि त्याला परत धरलं. या वेळी हातात कागद होता. कारणं लिहिलेली. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “आता दिलं की लेखी, मॅडम.”

खैरुनबीच्या हातात सदरा तसाच राहिला.

मी कागद वाचला. सगळा कन्नडमध्ये. मैनुद्दीन कन्नड बोलतो, आम्ही सगळेच बोलतो; पण शाळा उर्दूतली, तीही अर्धवट. कन्नड त्याला वाचता येत नाही. मी तिथंच जीपच्या दाराला हात लावून म्हणाले, याला वाचता येईल अशा भाषेत द्या. अधिकाऱ्यानं हात काढा म्हटलं. मी काढला नाही. शेवटी त्यानं जीपमध्येच एकाला ते वाचून, समजावून सांगायला लावलं, आणि तसं सांगितल्याचं मी त्याच्याकडून लिहून घेतलं. मग हात काढला. ते शिकत होते. मीही शिकत होते. मैनुद्दीनला निदान या वेळी कळलं की त्याच्यावर नेमका काय आरोप आहे. भाडेकरूचं सामान हलवताना त्यात काय होतं हे त्याला माहीत होतं, असा.

खटला अजून चालू आहे. तो अजून आत आहे. आता त्याला कुणी मारत नाही. भेटीला गेले की आधी तळवे दाखवतो, मग बोलतो.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर लोक मला भली बाई म्हणतील.

जिल्ह्याच्या कोर्टात दोघांना एकत्र आणलं होतं, मैनुद्दीनला आणि त्या भाडेकरूला. भाडेकरूला भेटायला कुणी येत नाही. नातेवाईक नाहीत, असतील तर पुढं येत नाहीत. वकील नाही. त्याच्यावरचा आरोप साधा नाही, बाजारात बाँब ठेवायच्या कटाचा आहे. खरा असला, आणि तो पकडला गेला नसता, तर तिथं माणसांच्या चिंध्या झाल्या असत्या. त्याची कोठडी वाढवायचं काम वकिलाशिवायच सुरू झालं. तो भिंतीकडं बघत उभा होता. मी उठले. म्हणाले, मी याची वकील नाही, होऊ शकत नाही. माझ्या अशिलाचं आणि याचं हित एक नाही. पण याच्या बाजूनं कुणी उभं असल्याशिवाय हे काम पुढं चालू नये. कोर्टानं याला वकील द्यावा. सरकारी वकील चिडले. मी बसले नाही. काम थांबलं. सरकारच्या मोफत विधी सेवेतून एक तरुण वकील आला, त्याला फाइल वाचायला वेळ मिळाला, तेव्हा पुढं चाललं. त्या भाडेकरूनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

बाहेर खैरुनबी उभी होती. तिचा चेहरा तापला होता.

“उसकी वजह से मेरा बच्चा अंदर है. उसके वास्ते कायकू बोले तुम?”

मी सांगायचा प्रयत्न केला. मैनूसाठी जे मागितलं तेच मागितलं म्हणाले. त्याचं काढून घेतलं की उद्या मैनूचंही काढून घेतील म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पदर सावरला आणि बस स्टँडकडं चालायला लागली. मी हाक मारली नाही. पुढच्या तारखेला आली, पण माझ्यापासून लांब बसली. अजून लांबच बसते. तिच्या जागी मी असते तर मीही बसले असते.

लोक मला विचारतात. चहाच्या टपरीवर विचारतात, लग्नात विचारतात, भाऊ फोनवर विचारतो. उद्या खरोखरचा अतिरेकी आला, त्यानं केलंय हे तुला ठाऊक असलं, तर त्याचंही वकीलपत्र घेशील का? पूर्वी मी इकडचं तिकडचं बोलायची. आता सरळ सांगते. घेईन. त्याला सोडवीनच असं म्हणत नाही. पुरावा असेल तर शिक्षा होऊ दे, जन्मभराची होऊ दे. पण आधी त्याला का धरलं ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगावं लागेल. त्याच्या अंगाला हात लावता येणार नाही. त्याला न्यायाधीशापुढं उघड्या तोंडानं आणावं लागेल, आणि त्याच्या शेजारी त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस असेल. दुसरं कुणी आलं तर बरंच आहे. कुणी आलं नाही तर मी येईन. त्यासाठी मला आता कुणाची परवानगी लागत नाही.